कृपादानाचा कारभार

सेवाभावी माणसाचा सत्कार असला की एक वाक्य हमखास कानावर पडतं. शाल-श्रीफळ स्वीकारून तो माइकपुढे येतो आणि म्हणतो, मी काहीच केलं नाही, मी केवळ निमित्त. चर्चमध्ये हेच थोड्या वेगळ्या शब्दांत म्हटलं जातं: माझी काही पात्रता नाही, सारं गौरव प्रभूचं. ऐकणारे समाधानानं मान डोलावतात, कारण नम्रतेची आपली कल्पनाच तशी झाली आहे. स्वतःविषयी कमी बोलावं, आवाज खाली ठेवावा, कौतुक झालं की ते झटकून टाकावं. ही कल्पना उथळ आहे असं माझं मत आहे, आणि ती अपायकारकही आहे. तिच्यात सेवा करणाऱ्याच्या बोलण्याकडे सगळं लक्ष जातं. सेवा घेणाऱ्याचं पुढे काय झालं हे कुणी विचारत नाही. आपल्यावाचून पानसुद्धा हलू नये अशी घडी चाळीस वर्षं बसवून ठेवलेला संस्थाचालकही भर सभेत अगदी मनापासून स्वतःला निमित्त म्हणवतो. तो खोटं बोलत नाही. नम्रता कुठे शोधायची हेच आपण चुकीचं ठरवून बसलो आहोत.

ख्रिस्ती अर्थानं लीनता सेवेच्या रचनेत असते, हा माझा मुद्दा. आपल्याला लाभलेलं कृपादान आपण वापरतो तेव्हा हिशेब मागण्याची मुभा कुणाला आहे, 'नको' म्हणण्याची मुभा कुणाला आहे आणि आपण बाजूला झाल्यावर ते कौशल्य कुणाच्या हातात उरतं, हे पाहिलं की माणसाच्या नम्रतेचा अंदाज येतो. त्याच्या भाषणातून तो येत नाही.

हा विचार मंगळवेढ्याच्या संदर्भात मांडावासा वाटतो. सोलापूर जिल्ह्यातल्या या गावाला संतांची भूमी म्हणतात. दामाजीपंत, चोखामेळा आणि कान्होपात्रा ही तिन्ही नावं या गावाशी जोडलेली आहेत. हे तिघेही वारकरी परंपरेचे. पण देण्याचा, झुकण्याचा आणि नकार देण्याचा प्रश्न या तिघांच्या आयुष्यात जितक्या धारदारपणे उभा राहतो, तितका तो ख्रिस्ती प्रवचनांत मला क्वचितच ऐकायला मिळाला. मराठी ख्रिस्ती माणसानं लीनतेचा विचार करताना या गावाला वळसा घालून जाऊ नये.

१. नाकारण्याला लीनता म्हणू नये

पहिला गैरसमज देणगी नाकारण्याचा. मला काही येत नाही असं म्हणणं धार्मिक वाटतं. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात मालक परदेशी जाताना तीन चाकरांकडे पैसे सोपवतो, तो दाखला इथे आठवावा. सगळ्यात कमी रक्कम मिळालेल्या चाकराच्या हातीसुद्धा मजुराच्या पंधरा-वीस वर्षांच्या मजुरीएवढे पैसे होते. त्यानं ते जमिनीत पुरले. त्यानं चोरी केली नाही, उधळपट्टी केली नाही, बढाई मारली नाही. आजच्या व्याख्येनं तिघांमध्ये सर्वांत नम्र तोच ठरेल, आणि दाखल्यात दोषी ठरतो तोही तोच. त्यानं भीतीला सावधपणाचं रूप दिलं होतं आणि त्याची किंमत दुसऱ्यांना मोजावी लागली.

रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल आपल्या योग्यतेहून स्वतःला मोठं समजू नका असं बजावतो आणि लगेच समंजसपणे, आपल्या मापानं स्वतःचा विचार करा असं सांगतो. स्वतःला लहान समजा असं तो सांगत नाही. माप बरोबर असणं हा त्याच्या म्हणण्याचा गाभा आहे. ज्या शल्यविशारदाचा हात स्थिर आहे, त्यानं मला काही जमत नाही म्हणणं असत्य आहे, आणि त्या असत्याचा भार रुग्णाला सोसावा लागतो. जिला गळा आहे तिनं उपासनेत गायला नकार देऊन मंडळीचं काही भलं केलेलं नसतं.

योहानाच्या तेराव्या अध्यायातला पाय धुण्याचा प्रसंग आपण फार वरवर वाचतो. गुरूनं चाकराचं काम केलं, एवढंच लक्षात ठेवतो. योहान मात्र टॉवेल कमरेला बांधण्याच्या आधी एक गोष्ट नोंदवतो: पित्यानं सर्व काही आपल्या हाती दिलं आहे हे येशूला ठाऊक होतं. आपण कोण आहोत हे पुरतं माहीत असलेला माणूस खाली वाकतो आहे. धुऊन झाल्यावरही, तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता ते योग्यच आहे, असं तो शिष्यांना सांगतो. त्यानं आपलं मोठेपण लपवलं नाही. ते कशासाठी आहे ते दाखवलं. त्याच प्रसंगात पेत्र मात्र पाय धुऊ देत नाही. त्याच्या नकारात आदर आहे असं वाटतं, पण तिथे अडतो तो पेत्राचाच अहंकार. दुसऱ्याकडून घेणं त्याला जमत नाही. आयुष्यभर देत राहिलेल्या कित्येक सेवकांना म्हातारपणी मदत घेता येत नाही. ते पेत्राच्या जागी अडकलेले असतात.

२. कोठाराची किल्ली

देणगी नाकारायची नाही, तर ती कुणाची मानायची? पेत्राच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात याचं उत्तर आहे. प्रत्येकाला जे कृपादान मिळालं आहे ते त्यानं देवाच्या नानाविध कृपेचा कारभारी म्हणून एकमेकांच्या सेवेला लावावं. कारभारी मालक नसतो, आणि नुसता हुकुमाचा ताबेदारही नसतो. त्याच्याकडे किल्ली असते, निर्णयाचा अधिकार असतो, आणि शेवटी हिशेब द्यायचा असतो.

मंगळवेढ्याला हे वेगळं समजावून सांगण्याची गरज नसावी. पंधराव्या शतकात बिदरच्या बहामनी सत्तेच्या वतीनं दामाजीपंत इथला कारभार पाहत होते. परंपरा सांगते की दुष्काळात माणसं अन्नावाचून तडफडताना पाहून त्यांनी सरकारी धान्याची कोठारं खुली केली. काळ्या रानातल्या ज्वारीसाठी आजही ओळखल्या जाणाऱ्या, 2016 साली त्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळवणाऱ्या या तालुक्यात कोठार ही काही अलंकारिक गोष्ट नाही. तालुक्याच्या दक्षिण भागातल्या गावांनी तर पाण्यासाठी पिढ्यान् पिढ्या वाट पाहिली आहे.

दामाजींची कथा औदार्याची म्हणून सांगितली जाते. पण धान्य त्यांचं नव्हतंच. दुसऱ्याच्या मालावर उदार होणं सोपं असतं, असा आक्षेप कुणीही घेईल, आणि तो रास्त आहे. त्याचं उत्तर कथेतच आहे: धान्य सुलतानाचं होतं, पण त्याबद्दलची शिक्षा दामाजींची होती. किल्ली वापरताना त्यांनी स्वतःचा जीव तारण ठेवला. कारभाऱ्याची लीनता अशी असते. माल माझा नाही म्हणून त्याचं श्रेय माझं नाही, पण निर्णय माझा आहे म्हणून त्याची किंमत मी मोजीन. आपल्याकडे याच्या नेमकं उलट चालतं. श्रेयाचा फलक आपल्या नावाचा, आणि चूक झाली की देवाची इच्छा.

कथेचा उत्तरार्ध सर्वांना ठाऊक आहे. विठ्ठल विठू महाराच्या रूपात बिदरला जातो, धान्याची रक्कम भरतो आणि पावती घेतो. या कथेतल्या दोन गोष्टींचा विचार फारसा होत नाही. देवसुद्धा पावती घेतो. चमत्कार झाला म्हणून हिशेब माफ होत नाही. आणि उच्चवर्णीय अधिकाऱ्याचं देणं फेडायला देव येतो तो गावानं वेशीबाहेर ठेवलेल्या माणसाच्या रूपात. देणारा आणि घेणारा कोण, हा क्रमच लोककथेनं उलटा करून टाकला आहे.

हिशेबाचा मुद्दा ख्रिस्ती संस्थांना लागू केला की अवघड वाटू लागतो. महाराष्ट्रातल्या अनेक मंडळ्यांची शक्ती आज मालमत्तेच्या वादांत आणि कोर्टकचेऱ्यांत खर्च होते. जमिनी, शाळा, दवाखाने ज्यांच्या हाती आले त्यांनी स्वतःला देवाचे नम्र सेवक म्हणवलं आणि जमाखर्च दाखवण्याचा विषय निघाला की तो अविश्वास समजला. पौल करिंथकरांना विचारतो, तुझ्याजवळ असं काय आहे जे तुला मिळालेलं नाही? हा प्रश्न जसा गुणांना लागू आहे तसा रोकडवहीला आणि सातबाऱ्यालाही लागू आहे. ज्याला आपला हिशेब तपासलेला खपत नाही, त्याची प्रार्थना कितीही लीन असो, तो मालक झालेला आहे.

३. नम्र कुणी व्हायचं?

इथे माझ्या मांडणीवरचा सर्वांत जड आक्षेप येतो. ज्या समाजानं हजारो वर्षं माणसांना जबरदस्तीनं वाकवलं, तिथे नम्रतेचा उपदेश करणं हीच क्रूरता नाही का?

चोखोबांचा मृत्यू मंगळवेढ्यात झाला. गावकुसाचं बांधकाम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली वेठीला धरलेले मजूर गाडले गेले. त्यांत चोखोबा होते. शके 1260, म्हणजे इसवी सन 1338, हे वर्ष परंपरेत सांगितलं जातं. नामदेवांनी अस्थी नेल्या आणि पंढरपूरच्या महाद्वारासमोर समाधी झाली. ज्या गावात त्यांना घर करता येत नव्हतं त्या गावाच्या रक्षणाची भिंत उभारताना ते गेले. त्यांच्याजवळ मराठी भाषेतलं एक थोर काव्यदान होतं, आणि समाजानं त्यांच्याकडून मागितले ते फक्त हात. त्यांच्या वाट्याला आलेल्या अवस्थेला लीनता म्हणणं हा शब्दाचा गैरवापर आहे. डॉ. आंबेडकरांनी 1948 साली अस्पृश्यतेच्या उगमावरचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला. संतांनी देवापुढची समता सांगितली, पण माणसामाणसांतल्या विषमतेशी लढा दिला नाही, असंही त्यांचं स्पष्ट मत होतं. आदर आणि टीका दोन्ही त्यांनी सोडल्या नाहीत. लीनतेवर बोलणाऱ्या कुणालाही या टीकेला बगल देता येणार नाही.

ख्रिस्ती शिकवणीतून याला मिळणारं उत्तर फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. जो देवाच्या स्वरूपाचा होता त्यानं स्वतःला रिक्त केलं. रिक्त होण्यासाठी आधी हाती काही असावं लागतं. उतरण्याची हाक उंचीवरच्या माणसाला आहे. जो आधीच तळाशी दाबला गेला आहे त्याच्यासाठी लूकच्या पहिल्या अध्यायात मरियेचं गीत आहे, आणि ते सिंहासनावरच्यांना खाली ओढून दीनांना वर उचलणाऱ्या देवाचं आहे. एकाच धर्मग्रंथात उतरायला सांगणं आणि उठायला सांगणं शेजारी शेजारी येतं. कुणाला काय सांगायचं हे न ओळखता सरसकट सर्वांना नम्र व्हा म्हणणारा पाळक अर्धी सुवार्ता सांगतो, आणि ती अर्धी नेहमी सत्तेच्या सोयीची असते.

पंडिता रमाबाईंनी हे अनुभवलं. 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिलेली ही बाई 1883 मध्ये इंग्लंडला गेली आणि वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींच्या आश्रयानं राहून तिनं बाप्तिस्मा घेतला. चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना इंग्रज पुरुषांना भारतीय भाषा शिकवण्याचा विषय निघाला तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी ती मानली नाही. सिद्धान्ताच्या प्रश्नांवरही त्या आपल्या आध्यात्मिक वडीलधाऱ्यांशी पत्रांतून वाद घालत राहिल्या आणि त्याबद्दल त्यांना गर्विष्ठपणाचा दोष ऐकावा लागला. इथे गर्व कुणाचा होता? जिच्याजवळ शिकवण्याचं दान होतं तिला ते पुरुषांपुढे वापरू नकोस, असं सांगण्यात आलं, आणि त्या मनाईला नम्रतेचं नाव देण्यात आलं. रमाबाई झुकल्या नाहीत म्हणूनच पुढे त्यांचं दान हजारोंच्या कामी आलं.

मंगळवेढ्याच्या कान्होपात्रेचाही इथे विचार व्हायला हवा. तिचं रूप आणि गाणं बिदरच्या दरबाराला हवं होतं. परंपरेनुसार तिनं पंढरपूरला विठ्ठलाचा आसरा घेतला आणि बादशहाकडे जाण्यापेक्षा देह ठेवला. देणगी सेवेसाठी आहे याचा अर्थ जो मागेल त्याच्या ताब्यात ती द्यायची असा होत नाही. सत्ताधाऱ्याला दिलेला नकार हा लीनतेचाच भाग असू शकतो, कारण कारभाऱ्याला आपला खरा मालक कोण हे ठाऊक असतं.

मराठी ख्रिस्ती समाजाच्या आठवणीतही हीच उतरंड आहे. या समाजाचा फार मोठा भाग महार आणि मांग कुटुंबांतून आलेला, नगर-सोलापूरकडच्या खेड्यांत वाढलेला. पण आमच्या स्मरणिकांत नावं येतात ती बहुधा सवर्ण घरांतून आलेल्यांची: रमाबाई, नारायण वामन टिळक, नीळकंठशास्त्री गोऱ्हे. ही माणसं मोठी होती यात शंका नाही. पण ज्या बायबल-बायांनी आणि गावशिक्षकांनी उन्हातान्हात वाड्या-वस्त्या पालथ्या घातल्या, त्यांची नावं कुठे आहेत? त्यांनी नम्रपणे नाव मागितलं नाही, असं त्यावर म्हटलं जातं. त्यांना ते विचारलं कुणी होतं?

४. हात बदलला पाहिजे

आता शेवटच्या पायरीकडे येतो, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कृपादान दुसऱ्याच्या उपयोगी पडलं एवढ्यानं लीनता सिद्ध होत नाही. ते दुसऱ्याच्या हातात गेलं का, हे पाहावं लागतं.

आमच्या भागातला माणूस आजार हाताबाहेर गेला की रुग्णाला मिरजेला नेतो. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 साली तिथे उभारलेल्या मिशन हॉस्पिटलनं चार पिढ्यांचे जीव वाचवले आहेत, आणि एकट्यानं शस्त्रक्रिया करत बसण्यापेक्षा भारतीय तरुणांना वैद्यक शिकवायला हवं हे वॉन्लेसांनी लवकर ओळखलं. 1897 मध्ये त्यांनी वैद्यकीय शिक्षण सुरू केलं. पण या विचाराचं टोक गाठलं ते जामखेडला.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेलं. पुढे अमेरिकेत त्यांनी सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. परतून 1970 साली त्यांनी जामखेड गाठलं. अवर्षणग्रस्त तालुका, बालमृत्यूंचं प्रमाण भयंकर. सुरुवातीला वाटलं होतं की प्रशिक्षित परिचारिका गावोगाव नेमाव्यात. ते जमलं नाही. बाहेरची शिकलेली मुलगी गावात रुळेना आणि गाव तिचं ऐकेना. तेव्हा त्यांनी गावालाच सांगितलं, तुमच्यातली एक बाई निवडा. आलेल्या बायकांपैकी बहुतेक निरक्षर होत्या. अनेक दलित होत्या, काही नवऱ्यानं टाकलेल्या. आठवड्यातून एकदा त्या जामखेडला येत, एकत्र स्वयंपाक करत, एकत्र जेवत, एकत्र झोपत, आणि गरोदरपण, निर्जंतुक बाळंतपण, जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचं पाणी, लसीकरण, कुष्ठरोगाची पहिली खूण असं एकेक शिकून गावी परतत. 1971 च्या सुमारास या गावांत हजार जन्मांमागे पावणेदोनशे बाळं वर्षाच्या आत दगावत होती. 1990 च्या दशकात हा आकडा तिशीच्या खाली आला. 1979 साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मला या आकड्यापेक्षाही त्यामागचा निर्णय मोठा वाटतो. डॉक्टरचं ज्ञान ही समाजातली फार मोठी सत्ता आहे. ती बोजड शब्दांत, वाचता न येणाऱ्या चिठ्ठीत आणि टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत राखलेली असते. आरोळ्यांनी ती सत्ता जाणूनबुजून अशा बाईच्या हाती दिली, जिला गावात पाणवठ्यावरही मान नव्हता. आपल्या ज्ञानातला कोणता भाग खरोखर अवघड आहे आणि कोणता आपण उगीच अवघड करून ठेवला आहे, हे त्यांना तपासावं लागलं. जाहीरपणे स्वतःला लहान म्हणवण्यापेक्षा ही तपासणी कितीतरी कठीण आहे. तीच गोष्ट पाण्याची. दुष्काळात विंधनविहिरी पाडताना त्या दलित वस्तीत पाडण्यावर त्यांनी भर दिला, म्हणजे पाण्यासाठी गावाला तिथवर यावं लागे. सेवेची जागा बदलली की कोण कुणाकडे जातो हेही बदलतं.

हीच दिशा रमाबाईंच्या शेवटच्या कामात दिसते. केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुली आणि विधवा राहत. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि बायबलचं मराठी भाषांतर करायला बसल्या. संस्कृतवर प्रभुत्व असलेल्या विदुषीनं साध्या बाईला कळेल अशा मराठीचा हट्ट धरला. जुळणी, छपाई, बांधणी मुक्तीतल्याच मुलींनी केली. भाषांतर पुरं करून 1922 च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या, तेव्हा छापखाना चालवणारे हात तिथेच होते. नारायण वामन टिळकांचं 'ख्रिस्तायन' हे काव्यही 1919 मध्ये त्यांच्या मृत्यूमुळे अपुरं राहिलं. ते पुढे नेलं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, ज्यांना शाळेचं शिक्षण मिळालं नव्हतं, आणि त्यांनी लिहिलेले अध्याय टिळकांच्या अध्यायांपेक्षा कितीतरी जास्त आहेत.

५. काही आक्षेप

कौशल्य असं वाटलं तर दर्जा खालावेल, असं तज्ज्ञ म्हणतात. जामखेडनं हॉस्पिटल बंद केलं नाही. शस्त्रक्रिया शल्यविशारदच करत राहिले. आरोग्यसेविकेला जे शिकवलं त्यात आपल्या आवाक्याबाहेरचं काय आहे हे ओळखणं सर्वांत महत्त्वाचं होतं. वाटणं म्हणजे सगळ्यांनी सगळं करणं नव्हे, आणि पौलाचा शरीराचा दृष्टान्त तेच सांगतो: डोळा हाताचं काम करत नाही, पण मला तुझी गरज नाही असंही हाताला म्हणत नाही.

दुसरा आक्षेप महाराष्ट्रात टाळता येण्यासारखा नाही. ख्रिस्ती सेवा हे धर्मांतराचं आमिष होतं, असं म्हटलं जातं. 1893 साली रमाबाईंच्या पुण्यातल्या शारदा सदनावरून याच मुद्द्यावर वादळ उठलं. 'केसरी'नं कठोर टीका केली, आणि न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडलं. मी इथे माझीच कसोटी लावतो. घेणाऱ्याला खरोखर 'नको' म्हणता येत होतं का? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत अन्नछत्राच्या दारात उभ्या असलेल्या भुकेल्या माणसाच्या होकाराला फारसं स्वातंत्र्य नव्हतं, आणि जिथे कुणी भाकरीच्या मोबदल्यात बाप्तिस्मा मागितला असेल तिथे ख्रिस्ती लीनतेचा भंगच झाला. पण दलित कुटुंबांची सारी धर्मांतरं आमिषानं झाली असं म्हणणारा त्यांच्या बुद्धीचा अपमान करतो. शाळेचं दार, सरळ नावानं मारलेली हाक, एका बाकावरची जागा यांचं मोल त्या माणसांना कळत होतं आणि निवड त्यांनी केली होती. त्यांच्या वतीनं निर्णय घेणारा मिशनरी आणि त्यांच्या निर्णयाला निर्णयच न मानणारा टीकाकार, दोघंही त्यांना बोलू देत नाहीत.

तिसरा आक्षेप भाविकांचा असतो: हे सारं व्यवस्थापन झालं, यात मन कुठे आहे? उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये असं येशू सांगतो. मग मन तपासायचं की रचना? मन तपासावंच. पण मन तपासणारा आणि तपासलं जाणारा तिथे एकच असतो, आणि अशा तपासणीत आपण सगळेच उत्तीर्ण होतो. रचना इतरांना दिसते. शिवाय ज्यानं वर्षानुवर्षं आपलं काम दुसऱ्याला शिकवलं, शिष्य आपल्याहून सरस निघाला तेव्हा टाळ्या वाजवल्या, आणि ज्याचा शब्द सभेत खोडला गेला तरी जो कामाला हजर राहिला, त्याचं मन त्या सवयीनंच घडत जातं. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात दिवा मापाखाली झाकू नका असंही म्हटलं आहे. काम दिसावं, करणारा दिसला नाही तरी चालेल, असा त्या दोन्ही वचनांचा मेळ मला लागतो.

आणखी एक सावधगिरी. सेवेच्या नावानं कमी पगार देणं, सुट्टी नाकारणं, तक्रार करणारीला लीनतेचे धडे देणं हे ख्रिस्ती शाळा-दवाखान्यांत घडत आलं आहे. परिचारिका आणि शिक्षिका याच्या बळी ठरतात. ज्याच्या हाती नेमणूक आणि वेतन आहे त्यानं कर्मचाऱ्याकडून नम्रता मागू नये. ती त्यानं आधी स्वतःच्या अधिकारात दाखवावी. योग्य वेतन वेळेवर देणं हे लीनतेचं साधं, मोजता येणारं रूप आहे.

अहवालातला एक रकाना

मंडळ्यांच्या आणि संस्थांच्या वार्षिक अहवालांत किती रुग्ण तपासले, किती मुलं शिकली, किती धान्य वाटलं हे असतं. त्यात आणखी एक रकाना असावा: यंदा हे काम नव्यानं कुणाला येऊ लागलं, आणि कोणता निर्णय ते आम्हाला न विचारता घेतात. मंगळवेढ्याच्या दक्षिणेकडच्या एखाद्या गावात आरोग्य शिबिर भरवणाऱ्या डॉक्टरांनी रक्तदाब मोजायला गावातल्या कोणत्या बाईला शिकवलं, आणि पुढच्या शिबिराची तारीख तिनं ठरवली की त्यांनी, हे लिहावं. उपासनेत पेटी वाजवणाऱ्यानं दुसरे कोण तयार केले ते लिहावं. वचन सांगणाऱ्या पाळकानं वर्षातून किती रविवार श्रोत्यांत बसून दुसऱ्याचं प्रवचन ऐकलं ते लिहावं. धान्य वाटणाऱ्या गटानं यादी करताना यादीतल्या माणसांपैकी कुणाला बैठकीत बसवलं, त्यांनी काय बदलायला सांगितलं आणि ते बदललं का, हेही लिहावं. हा रकाना पहिल्या वर्षी बहुतेक ठिकाणी कोरा राहील. तो कोराच छापावा आणि सभेत वाचून दाखवावा, ज्यांच्यासाठी हे काम चालतं ती माणसं समोर बसलेली असताना.